सेकंदाला सहा

घरात तिला सगळे फूटपट्टी म्हणायचे. लहानपणी ग्लासात दूध किती आहे ते ती खरोखर फूटपट्टी लावून बघायची, म्हणून. पुढे ती भौतिकशास्त्र शिकली, एम.एस्सी. झाली, तरी नाव काही सुटलं नाही. मावशी म्हणायची, आता तर त्याच्यावर विद्यापीठाचा शिक्का बसला.

शिकायला म्हणून ती मावशीकडे आली, त्याला पाच वर्षं झाली होती. मावशी एकटी. सव्वीस वर्षं एकाच लॅबमध्ये दात करत होती. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे, त्यांवर मेणाचे दात कोरले जायचे आणि त्यांचे पुढे पक्के दात व्हायचे. मावशीकडे दाढा असत. "पुढचे दात फोटोसाठी," ती म्हणायची, "पोट भरतं ते दाढांवर."

लॅबच्या मालकीणबाईंना सगळे नुसतंच बाई म्हणत. या वर्षी बाईंनी मेण बंद करायचं ठरवलं. आता जबडा कंप्युटरच्या पडद्यावर येणार आणि दात पेनसारख्या एका काडीनं पडद्यावरच कोरायचे. मेणाची दोन टेबलं जाणार आणि त्यांच्या जागी एकच खुर्ची येणार. "त्या खुर्चीवर तुम्हीच," बाईंनी मावशीला सांगितलं होतं. दुसऱ्या टेबलावरच्या नव्या मुलीनं साचे ओतायचे. पडदा आला, पेन आलं, प्रोग्रॅम आला. राहिलं होतं ते पडद्यावर चित्र उभं करणारं ग्राफिक्स कार्ड, आणि त्यासाठी उरलेली रक्कम बाईंनी एका कागदावर लिहून दिली. याच्या वर एक पैसा नाही, आणि निर्णय सोमवारपर्यंत.

"तुमची भाची शिकलेली आहे, तीच बघेल," बाई म्हणाल्या आणि चार दिवसांसाठी बहिणीकडे गेल्या.

फूटपट्टीनं हे फारच मनावर घेतलं. मावशीला नोकरीची अजून आठ-दहा वर्षं हवी होती. त्या खुर्चीवर बसून ती अडखळताना दिसली, तर दोष कार्डाचा की माणसाचा हे कोण बघत बसणार?

त्या रकमेत बसणारी दोनच कार्डं दुकानात होती. एक पांढऱ्या खोक्यातलं, एक काळ्या.

"ताई, पांढरं घ्या डोळे झाकून," दुकानदार म्हणाला.

"डोळेच झाकायचे तर कार्ड कशाला घेऊ?"

दुकानदार हसला. पांढरं वेगवान होतं, पण त्याची स्वतःची मेमरी आठ जीबी. काळं त्याच्यापेक्षा पाचव्या हिश्श्यानं मंद, पण मेमरी सोळा. तिनं दोन रात्री जागून जेवढे रिव्ह्यू वाचले होते, त्या सगळ्यांत पांढरं पुढे होतं. मात्र ते सगळे गेम खेळून बघितलेले होते. जबडा कुणीच लावून बघितला नव्हता.

"दोन्ही नेते. सोमवारी एक परत."

"असं कोण देतं हो?"

"जबडे आहेत आमच्याकडे. लॅबचं काम आहे."

"कुठली लॅब?" तिनं नाव सांगितल्यावर त्याचा चेहराच बदलला. "दाढा करतात त्या मावशींची? अहो, माझी आई त्यांच्या कवळीनं कणीस खाते. न्या दोन्ही. खोकी तेवढी फाडू नका."

शुक्रवारी तिनं लॅबच्या आतल्या खोलीत एकटीनंच चाचण्या केल्या. आधी एकाच दाताची फाइल घेतली. पांढऱ्यावर चित्र सेकंदाला नव्वद वेळा नवं होत होतं, काळ्यावर बहात्तर वेळा. म्हणजे रिव्ह्यू लिहिणारे खोटं बोलत नव्हते. मग तिनं आख्खा जबडा उघडला, वरचा आणि खालचा, डॉक्टर हल्ली पाठवतात तसा. काळ्यावर एक्केचाळीस. पांढऱ्यावर सहा.

तिनं तीनदा मोजलं. सहाच. कारण शोधायला वेळ लागला नाही. जबड्याला अकरा जीबी जागा लागत होती. पांढऱ्या कार्डाचं म्हणजे हात चपळ पण टेबल लहान असं होतं. टेबलावर न मावलेलं सामान शेजारच्या खोलीत ठेवायचं आणि दर वेळी उठून आणायला जायचं. हे सापडल्यावर ती घरी जाताना रस्त्यात स्वतःशीच हसली.

तरी शनिवारी तिनं मावशीला बसवलंच. आकडे ठीक, पण काम मावशी करणार होती. दोन्ही कार्डांवर तोच जबडा, त्याच चार दाढा. पेनचं टोक कुठून कुठे जातं याची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्रॅम फूटपट्टीनं स्वतः लिहिला होता.

पांढऱ्यावर मावशी वैतागली. "हे गाडं पुढेच सरकत नाही. मी इथे, आणि पेन अजून कालच्या दाढेवर." तरी दोन तासांत तिनं चार दाढा पुऱ्या केल्या. काळ्यावर पाऊण तासच लागला. पण उठताना ती खूश दिसली नाही.

"हे जरा जास्तच दाखवतं," ती म्हणाली.

"दाखवायलाच हवं ना?"

"हं," मावशी म्हणाली आणि चष्मा पुसत बसली.

संध्याकाळी फूटपट्टीनं बाईंना अहवाल पाठवला. बाईंना फक्त एक शब्द हवा होता, पांढरं की काळं. तिनं नऊ पानं लिहिली. तक्ते जोडले, आलेख जोडले, मावशीच्या पेनच्या रेषाही जोडल्या, दोन्ही कार्डांवरच्या, शेजारीशेजारी. अर्धवट माहिती द्यायची नाही ही तिला लागलेली सवय होती. आठव्या पानावर तिनं लिहिलं: "काळ्या कार्डावर रेषेत बारीक लाट येते, सेकंदाला साधारण सहा वेळा. पांढऱ्यावर ती नाही. हा काळ्या कार्डाचा दोष असू शकतो. तपासून कळवते." आणि पाठवून दिलं.

रविवारी सकाळी ती लाटेच्या मागे लागली. आधी तिनं विजेवर संशय घेतला आणि दुसऱ्या खोलीतून वायर ओढून आणली. मग पेनची केबल बदलली. मग पेनखाली रबराचा तुकडा ठेवला, पंखा बंद केला, रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. दर वेळी ती स्वतः पेन धरून तीच रेष ओढायची. लाट आली नाही. एकदाही नाही.

मग एक गोष्ट तिच्या लक्षात आली. काल मावशीनं हात बसावा म्हणून सुरुवातीला पांढऱ्या कार्डावर एकच दात कोरला होता, छोटी फाइल, सेकंदाला नव्वदवाली. ती नोंद तिनं बघितलीच नव्हती. तिनं काळं काढून पांढरं बसवलं, ती फाइल पुन्हा त्याच वेगानं चालते ना याची खात्री केली आणि मग नोंद उघडली. लाट होती. पांढऱ्या कार्डावर, अगदी तीच. सेकंदाला सहा.

म्हणजे काळ्याचा दोष नव्हता. पण मग जबड्याच्या वेळी पांढऱ्यावर ती गेली कुठे?

ती वही घेऊन बसली. दात कोरायचा प्रोग्रॅम दोन चित्रांच्या मधल्या वेळात पेनच्या जेवढ्या जागा येतात त्यांची सरासरी काढतो आणि तेवढीच वापरतो; तिच्या नोंदीतही तीच उतरते. जबडा उघडला की पांढरं कार्ड सेकंदाला सहा चित्रं काढतं. म्हणजे सरासरी सेकंदाच्या सहाव्या भागाची. आणि लाटेचा एक झोका तेवढाच, सेकंदाचा सहावा भाग. जितकी पुढे तितकीच मागे. सरासरी शून्य. दोन आकडे योगायोगानं जुळले होते आणि एकानं दुसऱ्याला गिळून टाकलं होतं.

तिला आनंद झाला. गणित सुटल्यावर होतो तसा, पोटातून आलेला. तिनं उत्तराखाली दोन रेघा मारल्या. दुसरी रेघ पुरी व्हायच्या आत तिला कळलं की लाट कार्डाची नाही, वायरची नाही, पेनची नाही. ती फक्त मावशी बसली की येते.

मग मागचं सगळंच आठवलं. मावशी हल्ली कप अर्धाच भरते. सुईत दोरा ओवायला तिला हाक मारते आणि म्हणते, डोळे गेले माझे. चष्म्याचा नंबर तर तीन वर्षं बदललेला नव्हता. पाच वर्षं एका घरात राहून दूध मोजणाऱ्या मुलीला हे दिसलं नव्हतं. आणि आता तिनं ते आलेखासकट बाईंना पाठवलं होतं.

ती घरी आली तेव्हा मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"सापडला का दोष?" मावशीनं विचारलं.

"सापडला."

मावशीनं हातातली घडी पुरी केली, वर ठेवली आणि दुसरा कपडा उचलला नाही. "बस," ती म्हणाली.

"किती दिवस झाले, मावशी?"

"दीड वर्ष. आधी फक्त दमल्यावर यायचं. मग मी मनगट टेबलाला टेकवून कोरायला लागले. मग सकाळी लवकर जाऊन कोरायला लागले. मेण एकदा जास्त गेलं की गेलं. वाटलं, कंप्युटरवर पुसता तरी येईल."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं की दुखण्याला नाव पडतं." तिनं वरची घडी पुन्हा सारखी केली. "तुझ्या त्या यंत्रात दिसलं?"

फूटपट्टीनं सगळं सांगितलं. वहीच दाखवली. मावशीनं एक झोका, सहावा भाग, सरासरी हे सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा विचारून घेतलं. तिला कळलं. मेणाच्या जाडीचा अंदाज बोटांनी घेणारीला सरासरी कळायला वेळ लागत नाही.

"म्हणजे पांढऱ्यावर माझा हात दिसत नाही."

"नाही."

"आणि दातावर उतरतही नाही."

"नाही उतरत."

"मग पांढरं घे."

रस्त्यानं येताना फूटपट्टीच्याही मनात हेच आलं होतं. तिनं अहवालातलं आठवं पान मावशीला वाचून दाखवलं, आवाज खाली ठेवून. बाईंकडे हे गेलंय, ती म्हणाली. मी मूर्ख आहे.

मावशीनं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. "काळ्या कार्डाचा दोष असू शकतो, असंच लिहिलंयस ना? मग झालं. काळं सदोष, पांढरं घेतलं. विषय संपला. खोटं लिहायचं कामच नाही. नुसतं पुढचं लिहायचं नाही."

"तपासून कळवते, असंही लिहिलंय."

"तुझं ते एक असतंच," मावशी म्हणाली. पण रागावली नाही. जरा वेळानं तिनं पायात चपला घातल्या. "चल. छापलेले बघू दे आधी."

काल कोरलेले दोन्ही जबडे लॅबच्या मशीननं रात्रभरात प्लास्टिकमध्ये छापून ठेवले होते. मावशीनं दिवा ओढून घेतला आणि ते शेजारीशेजारी ठेवले. पांढऱ्या कार्डावरच्या दाढा गुळगुळीत होत्या, एखाद्या जाहिरातीतल्यासारख्या. काळ्यावरच्या दाढांच्या कडेला बारीक सुरकुत्या होत्या, पाण्यावर वारा गेल्यावर पडतात तशा. फूटपट्टीला तिकडे बघवेना.

मावशीनं मात्र सुरकुत्यांकडे बघितलंच नाही. तिनं गुळगुळीत दाढेच्या मधल्या खाचेतून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग दाढांच्या मध्ये चावा तपासायचा निळा कागद धरून वरचा-खालचा जबडा एकमेकांवर आपटला आणि उघडला.

"बघ. निळे ठिपके हवेत, टाचणीच्या डोक्याएवढे. इथे डाग पडलेत, शाई सांडल्यासारखे. दाढेवर दाढ नुसती बसलीय. चावत नाही."

"पण का?"

"ते तू सांग. खाचेच्या तळाशी मी पेन दाबते आणि लगेच उचलते. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात. ते कुठे गेलं?"

फूटपट्टीला उत्तर माहीत होतं. सरासरीला चांगलं-वाईट कळत नाही. हाताची थरथर गेली, त्याच वाटेनं हाताची करामतही गेली. थरथर तेवढी काढून टाकायची एक सोय प्रोग्रॅममध्ये होती, ती तिनं तिथेच काळ्या कार्डावरच्या कालच्या नोंदीवर लावून बघितली. कमी लावली तर लाट राहात होती, जास्त लावली तर खाच बुजत होती. तिनं मधले सगळे आकडे लावून बघितले. मावशी शांतपणे उभी होती. अकराव्या आकड्याला ती म्हणाली, "पुरे."

मग तिनं काळ्यावरच्या जबड्यात निळा कागद धरला. टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उमटले, जिथे हवेत तिथे.

"ह्या सुरकुत्या घासून काढता येतील," फूटपट्टी घाईनं म्हणाली. "पॉलिश करून. मग तर झालं ना?"

"घासणार कोण? हाच हात." मावशीनं दोन्ही जबडे मिटून ठेवले. खुर्चीत बसली, त्याच नव्या खुर्चीत, आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. बाहेर कुणीतरी शटर ओढलं.

"हा कुणाचा जबडा आहे, माहितीय?" तिनं विचारलं.

"नाही. नंबर आहे फक्त."

"मलाही नाही. सव्वीस वर्षांत कुणाचंच तोंड बघितलेलं नाही मी. त्या दुकानदाराच्या आईचंसुद्धा नाही. तुला पांढरं चालेल. बाईंनाही चालेल, त्यांना दोन महिने कळणार नाही. तो नंबर मात्र पहिल्या घासाला थांबेल." तिनं नाक ओढलं. "काढ तुझा अहवाल. लिही."

"काय लिहू?"

"काळं घ्यावं. लाटेचं कारण सापडलं, दोष कार्डाचा नाही. हात. पुढे माझं नाव लिही."

"मी असं लिहू का? की जरा..."

"जरा बिरा काही नको. तू नऊ पानं लिहिलीस, त्यात कुठे जरा होतं का?"

तिनं लिहिलं. बोट बटणावर ठेवून ती मावशीकडे बघत राहिली. "पाठव," मावशी म्हणाली, "चहा करायचाय मला."

चहा उकळायच्या आतच बाईंचा फोन आला. मावशीनं तो लॅबच्या ओट्याला टेकून घेतला. बाईंचा आवाज जाड होता, अर्धंअधिक फूटपट्टीला ऐकू येत होतं.

"काल आठव्या पानावरच कळलं मला," बाई म्हणाल्या. "मीही वीस वर्षं मेण कोरलंय. सेकंदाला सहा म्हणजे हाताची थरथर, कार्ड कसलं. म्हटलं, बघू कोण सांगतंय."

"आता सांगितलं."

"हो. भाचीनं."

"मीच लिहायला लावलं तिला."

मग बाई हळू बोलल्या, ते फूटपट्टीला ऐकू आलं नाही. मावशी म्हणत होती: हो. दीड वर्ष. नाही, दाखवलेलं नाही. बरं. बुधवारी जाते. हो, जाते म्हणाले ना. मग: "रंग जुळवायचं आणि तपासायचं करीन. डोळे शाबूत आहेत. किती तास? चारच?" पुन्हा थांबली. "चार तर चार. पगाराचं आल्यावर बोलू." आणि मग, बाईंनी काहीतरी विचारल्यावर, तिनं ओट्याची कड धरली.

"ती नवी मुलगी," ती म्हणाली. "दाढेचे उंचवटे जरा बसके करते, पण खाच खोल घेते. उंचवटे शिकवता येतात. ... हो, शिकवीन. तोंडानं."

फोन ठेवून तिनं चहा गाळला. दोन्ही कप अर्धेच भरले, फूटपट्टीचाही. चहा पिऊन झाल्यावर मावशीनं कप धुतले, पुसले आणि कपाटात उपडे घातले.

कंप्युटरमध्ये अजून पांढरं कार्डच होतं. सकाळी नवी मुलगी यायच्या आत काळं बसवून ठेवायला हवं होतं आणि पांढरं खोक्यात जायला हवं होतं. फूटपट्टी टेबलाखाली शिरली. आत अंधार होता. मावशी गुडघे टेकून खाली बसली, ड्रॉवरमधली टॉर्च काढली आणि उजव्या हातात धरली. डाव्या हाताचा आधार तिनं घेतला नाही.

उजेड कार्डावर पडला आणि हलायला लागला. स्क्रू दिसायचा, सरकायचा, पुन्हा दिसायचा. फूटपट्टीनं स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. ती मोजत नव्हती.

"दिसतंय का?" मावशीनं विचारलं.

"दिसतंय," ती म्हणाली आणि स्क्रू फिरवायला लागली.